आधी काळं कापड, मग मखमल

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, १९३५ सालची संस्था. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून माणसं या मुलखात येत गेली आणि इथंच मुरली. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी, छत्तीसगढी बोलणारी ही कुटुंबं गणपतीला, नाटकाला, स्नेहसंमेलनाला मंडळात जमतात. बृहन्महाराष्ट्रात अशी मंडळं गावोगाव आहेत. त्यांच्या कार्यकारिणीत रंगमंचाच्या पडद्याचा विषय निघाला की पहिला वाद ठरलेला असतो, मरून घ्यायचा की निळा. खरं तर रंग ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट.

छत्तीसगडात पडद्याचा विषय फार जुना आहे. सरगुजा जिल्ह्यात रामगडच्या डोंगरात सीताबेंगा नावाची गुंफा आहे. १९०४ साली जर्मन संशोधक टी. ब्लॉख तिथं पोचला, तेव्हा तिच्या तोंडाशी जमिनीतली भोकं त्याला दिसली. यात खांब रोवून पडदा बांधत असावेत, आणि ही प्राचीन नाट्यशाळा असावी, असा तर्क त्याने मांडला. सगळ्या अभ्यासकांना तो पटलेला नाही. त्याच छत्तीसगडचा, रायपुरातच १९२३ साली जन्मलेला हबीब तन्वीर मात्र ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांना घेऊन जवळजवळ मोकळ्या रंगमंचावर जग फिरून आला. त्याच्या ‘चरणदास चोर’ या नाटकाचं मखमलीवाचून काही अडलं नाही.

मराठी नाटकाची गोष्ट उलटी. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी साध्या पडद्यावर भागवलं. पुढे संगीत नाटकं आली आणि पडदा हे कंपनीचं वैभव झालं. मखमली दर्शनी पडद्याचं श्रेय सहसा केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीला दिलं जातं. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, मग त्यातले बाबुराव सिनेमाकडे गेले. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने रंगवलेले पडदे बाजूला सारून खोलीचा नेपथ्यसंच उभा केला. रंगवलेला पडदा ओसरला. दर्शनी मखमलीची हौस मात्र आजही तशीच आहे, आणि मंडळांचे पैसे चुकीच्या जागी जातात ते या हौसेपायी.

दर्शनी पडदा प्रेक्षक सुरुवातीला, मध्यंतरात आणि शेवटी पाहतात. मागचा काळा पडदा, बाजूच्या विंगा आणि वरच्या झालरी ते दोन-अडीच तास पाहतात. तरी बजेट आखताना सोनेरी झालरीच्या मखमलीला निम्मी रक्कम जाते आणि विंगांना अस्तराचं पातळ कापड शिवलं जातं. मग मागून दिवा लागला की विंगेत उभ्या नटाची सावली आख्ख्या सभागृहाला दिसते. माझं मत स्पष्ट आहे: पैसे कमी असतील तर आधी काळं कापड चांगलं घ्या, दर्शनी पडदा दोन वर्षांनी झाला तरी चालेल.

काळ्या कापडाला दोन गुण हवेत. ते उजेड पिऊन टाकणारं असावं आणि आरपार दिसू देणारं नसावं. सुती मखमल किंवा जाड, खरखरीत, चमक नसलेल्या विणीचं कापड हे काम करतं. स्वस्त पॉलिस्टर मखमल दुकानात काळी दिसते, पण एलईडीचा निळा झोत पडला की राखाडी चमकते. म्हणून नमुना दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नये. हातभर तुकडा सभागृहात न्यावा, टांगावा, त्याच्यावर आपलेच दिवे टाकावेत आणि शेवटच्या रांगेतून बघावं. मग त्याच्यामागे टॉर्च लावून उजेड किती झिरपतो तेही पाहावं.

मखमलीला लव असते आणि लवीला दिशा असते. हात फिरवला की एका बाजूला मऊ लागते, उलट्या बाजूला अडते. लव वरच्या दिशेला ठेवून टांगली तर रंग गडद दिसतो, पण धूळ त्यात बसते. खालच्या दिशेला ठेवली तर रंग किंचित फिका, धूळ मात्र लवकर झडते. उरला-सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काजळी सोसणाऱ्या रायपुरात मी दर्शनी पडद्याची लव खालीच ठेवायला सांगेन. कुठलीही दिशा घ्या, सगळे पट्टे एकाच दिशेने शिवले पाहिजेत. एक पट्टा उलटा गेला की मरून पडद्यात उभा विटकरी पट्टा दिसतो आणि तो उसवण्याखेरीज इलाज नसतो. सगळं कापड एकाच रंगाईच्या लॉटमधलं हवं, हेही तितकंच महत्त्वाचं.

आता हिशेब. रंगमंचाचं तोंड ३० फूट रुंद आणि १६ फूट उंच धरू. पडदा सपाट टांगला तर चादरीसारखा दिसतो. चुण्या नीट पडायला दुप्पट कापड लागतं, म्हणजे ६० फूट रुंदी. मखमलीचा पन्हा ५४ इंच असेल तर १४ पट्टे बसतात, दोन्ही बाजूंना सात-सात. त्यातून उरणारे तीन फूट शिवणीत आणि मधोमध एकावर एक येण्यात जातात. वरची पट्टी आणि खालची दुमड धरून प्रत्येक पट्टा १७ फुटांचा, एकूण सुमारे ७३ मीटर कापड. चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाची मखमल घेतली तर पडदा ४० किलोचा, ६०० ग्रॅमची घेतली तर ६० किलोचा. अस्तर आणि तळाची साखळी वेगळी. म्हणून कापडाआधी ट्रॅक, कप्प्या आणि वरचा लोखंडी पाइप किती वजन पेलतो ते विचारा. जुना ट्रॅक तसाच ठेवून जड पडदा चढवला की ऐन नांदीला तो अर्ध्यावर अडतो.

विक्रेता कसा निवडावा? रायपुरात पंडरीचा कापड बाजार मोठा आहे, पण साड्या, ड्रेसचं कापड आणि घरच्या पडद्यांचा तो बाजार. तिथं सोफ्याची मखमल मिळते, ती बसण्यासाठी केलेली असते, टांगण्यासाठी नव्हे. एका लॉटमधलं शंभर मीटर कापड हवं तर सुरतेच्या किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटच्या घाऊक व्यापाऱ्याकडे चौकशी करावी. शिलाई मात्र गावातच करून घ्यावी. दोन वर्षांनी शिवण उसवली, साखळी निघाली, तर मुंबईहून कोणी येत नाही. घराजवळचा कारागीर एक संध्याकाळ मंडळात बसून ते काम करून जातो.

दरपत्रक मागवताना ‘उत्तम प्रतीची मखमल’ या शब्दांवर जाऊ नका, त्यांना काही अर्थ नाही. धाग्याची जात, चौरस मीटरचं वजन, पन्हा, लॉट आणि आगरोधक प्रक्रिया लिहून मागा. तिघांकडून हेच पाच तपशील आले तरच दरांची तुलना होऊ शकते.

यातला पाचवा, आगरोधक प्रक्रियेचा तपशील सर्रास वगळला जातो. शिकागोच्या इरोक्वॉइ थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी दिव्याच्या ठिणगीने मलमलीच्या पडद्याने पेट घेतला. आग अडवण्यासाठीचा सुरक्षा पडदा खाली येताना अडकला आणि ६०२ माणसं गेली. आपल्याकडे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडलं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभं राहिलेलं ते नाट्यगृह केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं.

कापडाला आगरोधक करण्याची विद्या जुनी आहे. १८२१ साली गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नाट्यगृहातल्या कापडासाठी अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखाराचे प्रयोग केले होते. आजही सुती पडद्यांवर सहसा क्षारांचीच प्रक्रिया होते. पण असे क्षार पाण्यात विरघळतात. पडदा धुतला की प्रक्रिया गेली. दमट पावसाळ्यात ते ओलावा ओढतात, मग कापडावर पांढरे डाग उमटतात आणि लोखंडी कड्या गंजतात. धाग्यातच आगरोधक गुण असलेलं पॉलिस्टर धुतलं तरी चालतं, पण महाग पडतं. साधं पॉलिस्टर ‘पेटत नाही’ असं दुकानदार सांगतात. ते वितळतं आणि त्याचे जळते थेंब खाली पडतात. पडद्यांच्या ज्वलनरोधकतेसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५७४१. चाचणीचा अहवाल त्याच लॉटचा असावा, कॅटलॉगमधला नव्हे.

लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या मांडवात तर याहून अंदाधुंदी असते. टेंट हाऊसवाले साटन, शिफॉन, जॉर्जेट ट्रसला गुंडाळतात आणि त्याला खेटून तापलेले हॅलोजन लावतात. सजावट एका रात्रीची म्हणून कोणी विचारत नाही. दिवा आणि कापड यांत मोकळी जागा ठेवायला एक पैसाही लागत नाही.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना एवढंच सांगणं: ऑर्डर देण्याआधी नमुन्याची एक चिंधी उघड्या अंगणात, पाण्याची बादली शेजारी ठेवून, चिमट्यात उभी धरा आणि खालच्या कडेला काडी लावा. काडी बाजूला केल्यावर चिंधी जळतच राहिली, तर दर कितीही कमी असो, तो माल परत पाठवा. आणि पडदा घेतलात तर त्याच्या खालच्या दुमडीत एक कापडी चिठ्ठी शिवून घ्या. तिच्यावर कापडाची जात, वजन, लॉट आणि आगरोधक प्रक्रियेची तारीख असू द्या. कार्यकारिणी बदलते, फायली हरवतात, पुढच्या लोकांना ती चिठ्ठी तरी सापडेल.