सिमेंटातील पापुद्रा

पेडणे-डिचोलीकडे वर्षाला सरासरी १०० इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. गळकी गच्ची ही तेथील घरोघरची कथा. डागडुजीच्या वेळी गवंडी सिमेंटात दुधासारखा पांढरा द्रव मिसळतो. तो नेमके करतो काय?

सिमेंटाचा पाण्याशी संयोग झाला की एक चिवट बंधक द्रव्य आणि चुन्याचे षट्कोनी स्फटिक तयार होतात. संयोगातून उरलेले पाणी मात्र जाताना केसाहूनही बारीक वाहिन्या मागे ठेवते. पाऊस झिरपतो तो त्यांतून आणि भेगांतून. त्या पांढऱ्या द्रवात पॉलिमरचे कण तरंगत असतात, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. सिमेंट पाणी शोषू लागले की ते एकमेकांस भिडतात, एकजीव होतात, आणि त्यांचा लवचिक पापुद्रा वाहिन्यांच्या भिंतींवर व स्फटिकांच्या मधून पसरतो. सूक्ष्म चीर पडलीच, तर तिच्या दोन्ही कडा तो टाक्यासारखा धरून ठेवतो.

अडचण एवढीच की सिमेंटाला ओल हवी, तर पापुद्र्याला कोरडेपणा. म्हणून काम एक-दोन दिवस ओले राखावे, मग हवेवर सुकू द्यावे. ऐन आषाढात लावलेला गिलावा सुकणार कधी? डागडुजी चैत्र-वैशाखातच उरकलेली बरी. द्रवाचीही पारख हवी: सुतारी डिंकातील पॉलिव्हिनाइल ॲसिटेट सततच्या ओलीत पुन्हा मऊ पडते, स्टायरिन-ब्यूटाडाइन रबर टिकते. आणि जुने गवंडी चुन्यात गूळ घालीत, म्हणून सिमेंटात कोणी तो घालू नये. साखरेच्या अल्प अंशानेही सिमेंटाचे घट्ट होणे लांबते.