मुशाफिरी आणि मुक्काम

भूमध्य समुद्राच्या नकाशावर सिसिलीच्या खाली, सुमारे 90 किलोमीटरवर एक ठिपका दिसतो. तो माल्टा. सगळी बेटे मिळून क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मे. मुख्य बेट लांबीला 27 किलोमीटर आणि रुंदीला साडेचौदा. पर्यटकांना हा देश निळ्या समुद्रासाठी आणि पिवळ्या दगडी किल्ल्यांसाठी ठाऊक आहे. गेल्या काही वर्षांत मात्र आणखी एका वर्गाने हे बेट गल्लीबोळांसह पाठ केले आहे. स्कूटरच्या मागे चौकोनी पेटी बांधून घरोघरी जेवण पोहोचवणारे परदेशी तरुण. त्यात भारतीय आहेत, पाकिस्तानी आहेत, बांगलादेशी आहेत. माल्टाच्या 2021च्या जनगणनेत दर पाच रहिवाशांमागे एकाहून अधिक परदेशी आढळला आणि परदेशी रहिवाशांच्या मोठ्या गटांत भारतीयांचा समावेश होता.

रमजानच्या दिवसांत या तरुणांपैकी अनेकांच्या पेटीत दुसऱ्याचे जेवण असते आणि स्वतःच्या पोटात रोजा.

डाव्या बाजूचा रस्ता

माल्टावर 1964 पर्यंत ब्रिटिशांची सत्ता होती. त्यामुळे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि इंग्रजी ही माल्टीबरोबर तिथली राजभाषा आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या मुलाला या दोन गोष्टींचा मोठा आधार वाटतो. परदेशी परवान्यावर पहिले 12 महिने गाडी चालवता येते, पुढे तिथला परवाना काढावा लागतो.

आगगाडी नाही. 1883 मध्ये सुरू झालेली एकुलती एक रेल्वे 1931 मध्ये बंद पडली. ऑक्टोबर 2022 पासून रहिवाशांना बसप्रवास मोफत आहे, पण मोटारींच्या गर्दीत बस तासन्‌तास अडकते. म्हणून छोट्या इंजिनाची स्कूटर हे तिथे सर्वांत हुशार वाहन ठरते. तासाभरात बेटाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाता येते. सुटीच्या दिवशी पेटी काढून ठेवली की तीच स्कूटर सैरसपाट्याला उपयोगी पडते. दिंगलीचे कडे समुद्रापासून अडीचशे मीटर उंच आहेत. तिथे गाडी लावून पश्चिमेकडे पाहिले की पुढे फक्त पाणी. मार्साश्लोकच्या बंदरात रंगीत होड्या डुलतात आणि प्रत्येक होडीच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्याला ते बंदर परके वाटत नाही.

पण दोन चाकांचा हा प्रवास सुखाचाच आहे असे नाही. जुन्या गावांतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून मोटार आली तर भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. उन्हाळाभर साचलेली धूळ पहिल्या पावसात साबणासारखी होते आणि चाक सरकते. वसंतात आफ्रिकेकडून ‘श्लोक’ नावाचा दक्षिण-पूर्वेचा वारा सहाराची माती घेऊन येतो. हेल्मेटच्या काचेवर लाल थर बसतो. वायव्येचा वारा सुटला की कड्यावरच्या रस्त्यावर स्कूटर सांभाळणे ही कसरतच.

आणि कागदपत्रांचे ओझे त्याहून जड. युरोपबाहेरून आलेल्या कामगाराचा राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना एकच असतो आणि तो मालकाशी बांधलेला असतो. मालक बदलायचा तर पुन्हा अर्ज. अनेक जण एजंटाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेले असतात. ऑगस्ट 2022 मध्ये कमी होत चाललेल्या मोबदल्याविरुद्ध या रायडरांनी गाड्या उभ्या केल्या. 1 जानेवारी 2023 पासून त्यांच्यासाठी वेगळा वेतन नियम लागू झाला. कायदा झाला म्हणून थकवा गेला असे होत नाही, पण संपामुळे एक गोष्ट घडली. पेटीमागचा माणूस बेटाला दिसला.

पाट्यांवरची ओळखीची नावे

पर्यटक माल्टा डोळ्यांनी पाहतो. रायडर ते पाट्यांवरून वाचतो. दिवसाला पंधरा-वीस पत्ते शोधणाऱ्याला हळूहळू एक नवल जाणवू लागते. लिपी रोमन, पण शब्द ओळखीचे!

‘ग्झीरा’ नावाचे एक गजबजलेले उपनगर आहे. शब्द अरबी ‘जझीरा’चा, अर्थ बेट. याच शब्दापासून आपला मुरूडचा जंजिरा झाला. ‘मार्सा’ म्हणजे बंदर. ‘इम्दीना’ म्हणजे मदिना, शहर. ‘राहाल जदीद’ म्हणजे नवे गाव. उर्दू वाचणाऱ्याला ‘जदीद’चा अर्थ सांगावा लागत नाही. दार म्हणजे ‘बीब’, पुस्तक म्हणजे ‘क्तीब’, आणि घरभाड्याला शब्द आहे ‘केरा’, आपला किरायाच. परक्या देशात हा शब्द सर्वांत आधी पाठ होतो हे सांगायला नको. निरोप घेताना माल्टी माणूस ‘सह्हा’ म्हणतो, म्हणजे सेहत असो.

याचे कारण इतिहासात आहे. इसवी सन 870 मध्ये उत्तर आफ्रिकेच्या अघलबी राजवटीने हे बेट जिंकले. 1091 मध्ये नॉर्मन आले, तेराव्या शतकात मुसलमानांना बेट सोडावे लागले किंवा धर्म बदलावा लागला. पुढे सेंट जॉनचे सरदार आले, 1565 मध्ये ऑटोमन सैन्याचा प्रसिद्ध वेढा त्यांनी परतवला, नंतर नेपोलियन आला, मग इंग्रज. बेट कडवे कॅथलिक झाले. मशिदी राहिल्या नाहीत. जीभ मात्र राहिली. आज माल्टी ही युरोपीय संघाची एकमेव सेमिटिक राजभाषा आहे.

देवाला ते ‘आल्ला’ म्हणतात. चर्चमध्येही तोच शब्द. ‘येक आल्ला इरीद’ हे वाक्य तिथल्या आजीबाईंच्या तोंडी सहज येते. त्याचा अर्थ इन्शाअल्लाह. शुक्रवार म्हणजे ‘जिमा’, आपला जुम्मा. गुड फ्रायडे म्हणजे ‘मोठा जुम्मा’. ईस्टरला म्हणतात ‘ल-ईद’. आणि ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या ख्रिस्ती उपवासकाळाचे नाव आहे ‘रन्दान’. हा शब्द ‘रमजान’पासूनच आलेला.

यंदा, 2026 मध्ये, योग असा की ख्रिस्ती उपवासकाळ 18 फेब्रुवारीला सुरू झाला आणि रमजानचा चंद्रही त्याच सुमारास दिसला. शेजारी रन्दान पाळतो आणि भाडेकरू रमजान. बेकरीत त्या दिवसांत ‘क्वारेझिमाल’ नावाची बदामाची लांबट बिस्किटे येतात, त्यात अंडे-लोणी नसते, वरून मध. व्हॅलेटाच्या वेशीजवळ खजूर भरून तळलेल्या ‘इम्आरेत’चा वास दरवळतो. खजुराला दोन्ही घरांत मान आहे.

इफ्तारची वेळ, ऑर्डरची वेळ

रमजानच्या या महिन्यात तिथे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. नेमकी हीच वेळ ऑर्डरी वाढण्याची. मोबाइल वाजू लागतो आणि पोट म्हणते थांब. ज्या दोन तासांत दिवसाची कमाई व्हायची, त्याच दोन तासांत मगरिब आणि इफ्तार. गाडी बंद ठेवावी तर केरा कसा भरायचा?

बहुतेकांनी यातून आपापली वाट काढली आहे. हँडलच्या खणात तीन खजूर आणि पाण्याची बाटली. बाहेर लाऊडस्पीकरवरची अजान नाही, म्हणून मोबाइलवरची वेळ पाहायची. इम्सीदाच्या किंवा स्लीमाच्या समुद्रकठड्याशी गाडी लावायची, बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात, दोन घोट पाणी आणि पुन्हा किक. त्या कठड्यावर कधी लाहोरचा, कधी सिल्हेटचा, कधी रत्नागिरीचा मुलगा शेजारी बसतो. घरच्या देशांच्या सीमा तिथे दोन मिनिटे तरी आड येत नाहीत. पेटीतून येणारा गरम जेवणाचा वास मात्र रोजच्या सबरची परीक्षा पाहतो. ते जेवण त्याचे नाही. ते अमानत आहे.

मुसाफिर कोण?

घरून फोन येतो तेव्हा आई म्हणते, “बेटा, तू तर मुसाफिर, तुला सवलत आहे. नको ठेवू रोजा.” मायेचे बोल आहेत. शरियतने मुसाफिराला सवलत दिली आहे हे खरे. प्रवासात रोजा पुढे ढकलता येतो, चार रकातींच्या फर्ज नमाजा दोन होतात. पण त्यासाठी मुसाफिर कोण याचा हिशेब आहे. हनफी मतानुसार एखाद्या ठिकाणी पंधरा दिवस किंवा अधिक राहण्याचा इरादा केला की माणूस मुकीम होतो. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. त्यांच्याकडे ही मुदत येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवसांची. प्रवासाचे अंतरही ठरलेले, ढोबळमानाने 80 किलोमीटर.

आता हा हिशेब माल्टाला लावून पाहावा. बेट 27 किलोमीटर लांब. रायडर दिवसभरात शंभर किलोमीटर फिरत असेल, पण ती फेरी गल्ल्यांची. एका दिशेला कुठेही गेला तरी 80 किलोमीटर भरतच नाहीत. शेजारचे गोझो बेट धरले तरी नाहीत. म्हणजे ज्याचे आयुष्य चाकावर आहे, तो या बेटावर मुसाफिर होऊच शकत नाही. तो मुकीम आहे.

रोजीरोटीच्या कष्टाविषयी उलेमा सांगतात की सहरी करून रोजाची नियत करावी, आणि जिवावर बेतेल असे वाटले तर सोडून नंतर कजा करावी. भर वाहतुकीत चक्कर येणे ही लहान गोष्ट नव्हे. सवलत आहे ती माणसाच्या दुर्बलतेसाठी आहे, त्याच्या पत्त्यासाठी नाही.

मराठीने हे दोन्ही शब्द घेतले आहेत. मुसाफिरापासून मुशाफिरी आणि मुकीमच्याच कुळातला मुक्काम. परवान्यावर सरकारने वर्ष-दोन वर्षांची मुदत लिहिलेली असते, त्यामुळे कामगार स्वतःला पाहुणा समजतो. पाहुणा शेजाऱ्याचे नाव विचारत नाही, भाषेचे चार शब्द शिकत नाही, अन्याय झाला तर बोलत नाही. जायचेच आहे म्हणतो. शरियतचा हिशेब त्याला सांगतो की तू इथे राहतोस. राहणाऱ्याची कर्तव्ये तुझी आहेत आणि राहणाऱ्याचा हक्कही.

मैमूनाची शिळा

सुटीच्या दिवशी स्कूटर उत्तरेला चिर्केव्वाच्या धक्क्यावर न्यावी. तिथून गोझोची बोट पंचवीस मिनिटांत पलीकडे सोडते. गंमत म्हणजे जाताना तिकीट नाही, परतताना द्यायचे. गोझो हिरवे, शांत, चढ-उतारांचे. लाल वाळूच्या किनाऱ्याचे नाव ‘रम्ला ल-हम्रा’. पश्चिमेला द्वेइरा, जिथली समुद्रातली प्रसिद्ध दगडी कमान 8 मार्च 2017च्या वादळात कोसळली.

मधोमध टेकडीवर किल्ला आहे, चित्तादेल्ला. त्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात एक संगमरवरी शिळा आहे. कूफी लिपीत कोरलेली. रोमन काळातल्या दगडाची दुसरी बाजू त्यासाठी वापरली आहे. ती मैमूना नावाच्या मुलीच्या कबरीची शिळा, हसनच्या लेकीची. तारीख आहे 16 शाबान 569 हिजरी, म्हणजे मार्च 1174. रमजानला दोन आठवडे उरले असताना ती गेली. नॉर्मन सत्ता येऊन तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती, तरी एक मुसलमान कुटुंब या बेटांवर आपल्या लेकीसाठी एवढी देखणी शिळा घडवत होते. ते कुणी वाटसरू नव्हते. ते घरचे लोक होते.

पावलाची मशीद

आजच्या माल्टात नमाजासाठी सर्वांच्या ओठी येणारे ठिकाण म्हणजे पावलाची मरियम अल-बतूल मशीद. 1978 मध्ये लिबियाच्या मदतीने तिचा पाया घातला गेला. जुम्म्याला तिच्याकडे जाताना वाटेत मार्सा लागते. तिथे मनोरे आणि घुमट असलेले तुर्की दफनस्थान आहे. सुलतान अब्दुल अझीझच्या काळात, 1873-74 मध्ये ते बांधले गेले आणि त्याचा आराखडा केला गालित्सिया या माल्टी ख्रिस्ती वास्तुविशारदाने.

ते पूर्ण होऊन चारच वर्षे झाली तेव्हा, 1878 मध्ये, सुमारे सात हजार भारतीय सैनिक माल्टाला उतरले होते. रशिया-तुर्कस्तान तणावात इंग्रज सरकारने त्यांना मुंबई बंदरातून जहाजांत बसवून आणले. त्यात बॉम्बे फलटणीही होत्या. माल्टी लोकांनी पगडीवाल्या शिपायांकडे तेव्हा जितक्या कुतूहलाने पाहिले असेल, तितक्याच कुतूहलाने आज ते पेटीवाल्या रायडराकडे पाहतात. शिपाई काही महिन्यांत निघून गेले. रायडर राहतो आहे.

माल्टात ईदची सरकारी सुटी नसते. सकाळी नमाज होते, गळाभेट होते, घरी व्हिडिओ कॉल होतो आणि दुपारी अनेक जण गाडीला पेटी बांधतात. त्यांच्यासाठी दुआ करताना ‘प्रवास सुखाचा होवो’ एवढेच पुरेसे नाही. मुक्कामही सुखाचा होवो, असे म्हणायला हवे. वेळेवर पगार, सुरक्षित रस्ता आणि दारात उभ्या राहिलेल्या माणसाला एक ‘सह्हा’. इतके मिळाले तर परका मुलूखही काही काळ आपला होतो.