निर्वात नलिकेचे घड्याळ व त्याची कालगणना

सात रेषाखंडांनी अंक दर्शविणारी निर्वात नलिका जपानात १९६७ साली तयार झाली. तापलेल्या तंतूतून सुटलेले इलेक्ट्रॉन जाळीतून पार होऊन प्रस्फुरकाचा लेप दिलेल्या धनाग्रांवर आदळतात व ती हिरवट-निळी उजळतात. घरी बनविलेल्या घड्याळात मायक्रोकंट्रोलर एका वेळी एकाच अंकाची जाळी चालू करतो; हा फेरा इतका जलद असतो की, सर्व अंक एकदमच उजळल्याचा भास होतो.

नवशिका आज्ञावलीत बहुधा ‘अंक दाखव, एक सेकंद थांब, एक मिळव’ असा क्रम योजतो. या थांबण्यात अंकांचा फेरा खुंटतो. शिवाय इतर आज्ञांचा वेळ प्रत्येक सेकंदात भरीस पडतो. तो अवघा एक मिलिसेकंद असला, तरी घड्याळ दिवसाकाठी सुमारे ८६ सेकंद मागे पडते.

यास्तव कालमोजणी मायक्रोकंट्रोलरमधील स्वतंत्र गणकाकडे सोपविणे इष्ट होय. सेकंदास ३२,७६८ कंपने पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची कंपनसंख्या पंधरा वेळा निम्मी केली असता सेकंदास नेमका एक स्पंद उरतो. प्रत्येक स्पंदासरशी चालू काम क्षणभर थांबवून सेकंदांत एकाची भर घातली जाते. मग स्फटिकात दहा लाखांस वीस भागांची चूक असली, तरी दिवसाला १.७ सेकंदांचाच फरक पडतो. काळ मोजणे व तो दाखविणे ही दोन कामे भिन्न आहेत, हा या आज्ञावलीतील मुख्य धडा होय.