सर्कशीतला सगळ्यात हिट माणूस, पण पगार मात्र हमालाचा!

आमच्या जामसंडे-देवगडकडे जत्रेत दशावतार बघत मोठं झालेल्यांना संकासुर कोण ते सांगावं लागत नाही. काळा वेश, मालवणी बोली आणि समोरच्याची फिरकी. संवाद लिहिलेले नसतात, तिथल्या तिथे सुचतात आणि लोक हसून हसून बेजार होतात.

आता असा विनोदवीर डोक्यात आणा, ज्याला तोंडातून एक शब्द काढायची सोय नाही. तो म्हणजे चार्ली चॅप्लिन आणि सिनेमा १९२८ चा 'द सर्कस'.

गोष्ट काय आहे?

खिसेकापू समजून पोलीस मागे लागतात आणि चार्ली पळत पळत थेट सर्कशीच्या रिंगणात घुसतो. सर्कशीचे दिवस वाईट चाललेत, जोकरांना बघून कुणी हसत नाही. चार्लीची तारांबळ बघून मात्र लोक तंबू डोक्यावर घेतात.

मालक त्याला बोलावून म्हणतो, आता हसवून दाखव. इथेच घोळ होतो. ठरवून विनोद करायला चार्लीला जमतच नाही.

मग मालक शक्कल लढवतो. चार्लीला सामान हलवायच्या कामावर ठेवतो. तो धडपडतो, लोक हसतात, तिकीटं खपतात. पण आपल्यामुळे सर्कस चालतेय हे त्याला कुणी सांगत नाही. पगार अर्थातच हमालाचा.

मालकाची सावत्र मुलगी घोड्यावरचे खेळ करते. चुकली की तिला मार आणि उपाशी झोपायची शिक्षा. तीच एक दिवस चार्लीला खरं सांगते आणि तो पगारवाढ मागतो. पुढे ती तारेवर चालणाऱ्या तरुणाच्या प्रेमात आहे हे चार्लीला कळतं आणि त्याचा विनोदच आटतो.

पडद्यामागे काय चाललं होतं?

शूटिंगआधी वादळात सर्कशीचा तंबू उद्ध्वस्त झाला. सुरुवातीचं महिनाभराचं शूटिंग लॅबमधल्या चुकीमुळे वाया गेलं. सप्टेंबर १९२६ मध्ये स्टुडिओला आग लागली. त्यात पत्नी लिटा ग्रेसोबतचा घटस्फोटाचा खटला पेपरात गाजला आणि काम सुमारे आठ महिने ठप्प झालं.

या सगळ्यात चॅप्लिन तारेवर चालायला शिकला, खऱ्या सिंहाच्या पिंजऱ्यात शिरला. तारेवर असताना माकडं अंगाखांद्यावर चढतात तो सीन आजही हसवतो आणि घामही फोडतो.

१९२९ मध्ये ऑस्करच्या पहिल्याच सोहळ्यात या सिनेमासाठी त्याला खास पुरस्कार मिळाला. तरी १९६४ च्या आत्मचरित्रात तो या सिनेमाबद्दल जवळपास बोलतच नाही. ते दिवस त्याला आठवायचे नसावेत. पुढे ऐंशीच्या घरात असताना मात्र त्याने सिनेमाला नवं संगीत दिलं आणि सुरुवातीचं गाणं स्वतः गायलं.

आपला याच्याशी काय संबंध?

भारतीय सर्कशीची सुरुवातच मराठी माणसाने केली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी केली. पुण्यात जन्मलेले दामू धोत्रे तर वाघ-सिंहांचे खेळ करत १९४० मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोचले.

पण सिनेमातली ती उपाशी मुलगी विसरू नका. भारतात सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवू नये, असा आदेश सुप्रीम कोर्टाने दिला तो २०११ मध्ये. म्हणजे सिनेमानंतर तब्बल ८३ वर्षांनी.

मग आज का बघायचा?

कुणाची तरी धडपडतानाची क्लिप व्हायरल होते. लाखो लोक हसतात, पेजवाल्याचे फॉलोअर्स वाढतात आणि ज्याच्यावर हसलो त्याच्या हातात काहीच पडत नाही. 'द सर्कस' बघताना हा हिशोब ओळखीचा वाटतो.

शेवटी सर्कशीच्या गाड्या निघून जातात. मोकळ्या मैदानात, तंबूच्या जागी उरलेल्या गोल खुणेत चार्ली एकटा बसतो. हातात कागदी चांदणीचा तुकडा. तो चुरगाळतो, पायाने उडवतो आणि चालू लागतो.

सिनेमा जेमतेम सव्वा तासाचा आहे. पुढची धडपडीची रील फॉरवर्ड करण्याआधी एकदा बघाच.