विमान देशात बांधले म्हणून परावलंबन संपते काय?

एखादे लढाऊ विमान देशातील कारखान्यात बांधले गेले की त्यापुरते परकीय पुरवठादारांवरील सरकारचे अवलंबित्व संपले, हा समज सार्वजनिक चर्चेत इतक्या वेळा उच्चारला जातो की त्याला पुरावा मागण्याचीही गरज कोणाला वाटत नाही. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या (एचएएल) कारखान्यात तेजसच्या तिसऱ्या उत्पादन लाइनचे उद्घाटन होऊन तेथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले, तेव्हाही हाच निष्कर्ष काढण्यात आला. ते बांधणाऱ्या अभियंत्यांचे व कामगारांचे यश निर्विवाद आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, कारण त्या विमानाचे एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे.

याचा अर्थ काय होतो, हे गेल्या काही वर्षांतील घटनाक्रमावरून स्पष्ट दिसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने ८३ तेजस मार्क-१ए विमानांसाठी एचएएलशी सुमारे ४८ हजार कोटी रुपयांचा करार केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ९९ इंजिनांची मागणी नोंदवली गेली. पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाला मिळायचे होते. प्रत्यक्षात या मागणीतील पहिले इंजिनच मार्च २०२५ मध्ये हाती आले, कारण या प्रकारच्या इंजिनाचे पाच वर्षे बंद असलेले उत्पादन कंपनीला नव्याने उभे करावे लागले. विलंबाला हे एकमेव कारण नव्हते, हे खरे. तथापि सरकारपुढे पर्यायही नव्हता. विमानाचा सांगाडा, हवेचा मार्ग आणि नियंत्रणप्रणाली या सर्वांची रचना विशिष्ट इंजिनाभोवती होत असल्याने इंजिन बदलणे म्हणजे पुनर्रचना आणि चाचण्यांची अनेक वर्षे, आणि पुरवठादाराचे खरे बळ नेमके येथेच असते.

यावर स्वदेशी घटकांची टक्केवारी पुढे केली जाते. संरक्षण खरेदीच्या २०२० च्या कार्यपद्धतीनुसार हे प्रमाण किमतीवरून मोजले जाते आणि स्वदेशी आरेखन, विकास व उत्पादन या सर्वोच्च वर्गासाठी ते किमान ५० टक्के असावे लागते. हा निकष उद्योगवाढीसाठी उपयुक्त आहे, परंतु कोणत्या भागावाचून विमान जमिनीवरच राहील, हे त्यातून मुळीच कळत नाही, आणि ही साधी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते हे खेदजनक आहे.

इंजिन देशात का बनत नाही, याचे उत्तर तळहातावर मावणाऱ्या एका भागात सापडते. टर्बाइनचे पाते स्वतःच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त अशा वायूत मिनिटाला हजारो फेऱ्या घेते. त्यासाठी ते एकाच अखंड स्फटिकाच्या रूपात ओतावे लागते आणि त्याच्या पोटात थंड हवेसाठी बारीक वाटा ठेवाव्या लागतात. हे कौशल्य दशकानुदशकांच्या चाचण्यांतून येते आणि कोणतीही कंपनी ते सहजासहजी विकत नाही. म्हणूनच देशात विकसित करण्यासाठी १९८९ मध्ये मंजूर झालेले कावेरी इंजिन अपेक्षित जोर देऊ न शकल्याने २००८ मध्ये तेजसपासून वेगळे करण्यात आले.

आरेखनाचे ज्ञान देशात आले की परावलंबन घटते, याचे उलट उदाहरणही तेजसचेच आहे. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर तेथे काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. ते काम देशात पूर्ण झाले आणि ४ जानेवारी २००१ रोजी विमानाने पहिले उड्डाण केले. ओझरमध्ये मात्र १९६० च्या दशकापासून मिग-२१ आणि पुढे सुखोई-३० परवान्यावर बांधली गेली, तरी त्यांच्या मूळ आरेखनाचा अधिकार रशियाकडेच राहिला.

अन्य काही समजांचे निरसन थोडक्यात करता येते.

पैसा सरकारचा असल्याने कंपनी सरकारच्या मुठीत असते, असे मानले जाते. परंतु अमेरिकी संरक्षण खात्याच्याच २०२२ च्या अहवालानुसार तेथील प्रमुख संरक्षण कंत्राटदारांची संख्या १९९० च्या दशकापासून ५१ वरून ५ वर आली, आणि विक्रेते मोजकेच उरले की एकमेव ग्राहकही हतबल होतो.

परदेशातून कळ दाबून अमेरिकी एफ-३५ विमान बंद पाडता येते, या दाव्याला पुरावा नाही. मात्र सुटे भाग आणि सॉफ्टवेअरची सुधारणा थांबली तरी तोच परिणाम हळूहळू साधतो.

अनेक देशांकडून खरेदी केली की सुटका होते, हेही अर्धसत्य आहे. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेनुसार भारताच्या शस्त्रआयातीतील रशियाचा वाटा २०१०-१४ मधील ७२ टक्क्यांवरून २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला. त्यामुळे जोखीम विभागली गेली, परंतु प्रत्येक देशाच्या सामग्रीसाठी सुट्या भागांचा वेगळा साठा आणि वेगळे प्रशिक्षण यांचा भार वाढला.

म्हणून प्रत्येक संरक्षण कराराबाबत संसदेने आणि नागरिकांनी कारखान्याच्या पत्त्याच्या आधी आरेखनाचा अधिकार कोणाकडे आहे, दुरुस्ती व बदल कोणाच्याही संमतीविना करता येतात का आणि पुरवठा थांबल्यास दुसरी सोय कोणती, हे विचारले पाहिजे. या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत स्वावलंबनाची घोषणा करणे म्हणजे संशोधनावर होऊ शकणाऱ्या खर्चाची निकड स्वतःच्याच हाताने कमी करणे होय.