पसरणी घाटातून गेलेला महाराष्ट्र

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की वाई लागते. वाईच्या पुढे पसरणी, पसरणीनंतर घाट आणि घाटमाथ्यावर पाचगणी. वाई ते पाचगणी हे अंतर जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. मुंबई आणि महाराष्ट्र यांचं स्वातंत्र्यानंतरचं नातं कळायला मंत्रालयातल्या फायलींइतकाच हा घाट उपयोगी पडतो. या वाटेने मुंबई विश्रांतीसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी वर आली. सातारा जिल्ह्यातली माणसं मात्र पोटासाठी घाट उतरून मुंबईला गेली. हे देणंघेणं बरोबरीचं कधीच नव्हतं, आणि ते मांडलं जायला हवं असं मला तीव्रतेने वाटतं.

दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या पठारावर जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकात वसाहत उभी केली, सिल्व्हर ओक लावले. महाबळेश्वरचा पाऊस सोसवणारा नाही. पाचगणी डोंगराच्या ऐन माथ्यापासून थोडी पूर्वेला, पावसाच्या आडोशाला आहे. त्यामुळे इथे बारा महिने राहता येतं, आणि म्हणून इथे निवासी शाळा आल्या. किमिन्स, सेंट जोसेफ, सेंट पीटर्स, बिलिमोरिया अशी नावं एकामागून एक जोडली गेली. मुंबईच्या पारशी, ख्रिस्ती, मुसलमान, गुजराती घरांतली मुलं इथे शिकली. पूर्व आफ्रिकेतूनही मुलं येत. पन्नाशीच्या दशकात झांझिबारहून आलेला फारुख बलसारा हा सेंट पीटर्सचाच विद्यार्थी. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं.

क्षयावर औषध नव्हतं तेव्हा कोरडी हवा, विश्रांती आणि सकस अन्न हाच उपचार होता. डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये बेल-एअर हे आरोग्यधाम काढलं ते या हवेच्या भरवशावर. स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि अशा आरोग्यधामांची गरज ओसरली. बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे आलं. आज आसपासच्या गावांतली माणसं तिथे सगळ्या प्रकारच्या दुखण्यांसाठी जातात. पाचगणीतली एखादी संस्था मुंबईकडून तोंड वळवून भोवतालच्या मुलखाची झाली, याचं हे दुर्मीळ उदाहरण आहे.

याच जिल्ह्यात शिक्षणाची दुसरी वाटही होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवत, स्वतः राबत आणि शिकत. वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले आणि मंगळसूत्रही दिलं. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, तेही ‘कमवा आणि शिका’ याच तत्त्वावर. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राला ग्रामीण शिक्षक, कारकून, साखर कारखान्यांचे संचालक आणि आमदार पुरवले ते रयतसारख्या संस्थांनी. पाचगणीच्या शाळा चांगल्या होत्या आणि आहेत. पण राज्य घडवण्याचं श्रेय द्यायचं तर ते मी साताऱ्यातल्या त्या वसतिगृहाला देईन.

मुंबई कोणाची, हा प्रश्नही एकदा याच घाटात विचारला गेला. 1956 मध्ये गुजरातसह असलेल्या मुंबई राज्याला विदर्भ आणि मराठवाडा जोडून मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, जन्माने देवराष्ट्र्याचे, कर्माने कराडचे. पुढच्या वर्षी निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीला भरभरून मतं दिली. 30 नोव्हेंबर 1957 रोजी प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण करायला पंडित नेहरू येणार होते. समितीने ठरवलं की निदर्शनं त्यांच्या वाटेवरच करायची. वाईकडून पसरणी घाटात आणि पलीकडे पोलादपूरच्या बाजूने माणसं जमली, काळे झेंडे उभे राहिले. भाकरी बांधून आलेल्या शेतकऱ्यांनी, मुंबईत आपली माणसं कामाला असलेल्या घरांनी पंतप्रधानांना सांगितलं की मुंबईसह महाराष्ट्र हवा. 106 हुतात्म्यांनंतर, 1 मे 1960 रोजी, तो मिळाला.

घाटाच्या पायथ्याचं पसरणी या घडणीत दोन माणसांच्या रूपाने हजर आहे. शाहीर कृष्णराव साबळे इथलेच, जन्म 1923 चा. राजा बढे यांचं गीत, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा खडा आवाज यांतून आलेलं महाराष्ट्रगीत 2023 मध्ये अधिकृत राज्यगीत झालं. दुसरे बी. जी. शिर्के, जन्म 1918 चा. त्यांच्या कंपनीने बालेवाडीचं क्रीडासंकुल उभारलं, आणि शहरांत हजारो घरं बांधली. एकाच गावातल्या एकाने राज्याला सूर दिला, दुसऱ्याने छप्पर. राज्याने वाईलाही एक मोठी गोष्ट दिली. 1960 च्या नोव्हेंबरात साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले, आणि मराठी विश्वकोशाचं काम कृष्णाकाठच्या वाईत सुरू झालं. ज्ञानाचं एवढं मोठं कार्यालय मुंबई-पुण्याबाहेर ठेवण्याचा तो निर्णय मला आजही फार मोलाचा वाटतो. असे निर्णय त्यानंतर फारसे झाले नाहीत.

उलट दिशेने गेलं ते पाणी, वीज आणि माणूस. कोयनेचं धरण साठीच्या दशकात उभं राहिलं. सुमारे 105 टीएमसी साठ्यातलं बरंचसं पाणी पूर्वेकडे वाहण्याऐवजी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलं जातं. त्यावर चालणाऱ्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता 1,960 मेगावॉट आहे. मुंबईचे कारखाने या विजेवर चालले. जावळी-पाटणची गावं पाण्याखाली गेली आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसनाचे दावे पिढ्या ओलांडून चालू राहिले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केलं.

खोऱ्यांत पोट भरेना, तेव्हा तरुण मुंबईला गेले. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका खोलीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खाणावळीत, ट्रंक भिंतीला आणि पगारातली मनीऑर्डर गावाला. बंदरात आणि बाजारात ओझी उचलणारे माथाडी बहुतेक याच भागातले. पाटण तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. असंघटित कामगाराला संरक्षण देणारा देशातला तो पायाभूत कायदा. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो संपला असं कोणी जाहीर केलंच नाही. कित्येक जण ट्रंका घेऊन गावी परतले. गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागी आज टॉवर आणि मॉल आहेत, आणि गिरणी कामगारांचे वारस घरांसाठी अजून अर्ज घेऊन फिरत आहेत.

2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईहून पाचगणी शनिवार-रविवारच्या टप्प्यात आली. 2001 च्या जानेवारीत केंद्राने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला होता, म्हणून निदान काही बांधकामांना चाप बसला. 2011 च्या जनगणनेत मुंबई 1 कोटी 24 लाखांची आणि पाचगणी पंधरा हजारांच्या आसपास. सुट्टीत या छोट्या गावावर केवढा भार पडतो, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

शेतकऱ्याने मात्र स्वतःची वाट काढली. पाचगणीजवळच्या भिलार गावाच्या शिवारात लाल मातीचे गादीवाफे असतात. त्यांवर काळा मल्चिंग पेपर, पेपरला गोल छिद्रं, प्रत्येक छिद्रात स्ट्रॉबेरीचं रोप आणि खालून ठिबकची नळी. पाऊस ओसरला की लागवड, थंडीत तोडा. सकाळच्या गारव्यात बायका देठासह फळ खुडतात, कारण देठ निघाला की फळ टिकत नाही. त्याच दिवशी माल वाशीच्या बाजाराकडे निघतो. 2010 मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. 4 मे 2017 रोजी याच भिलारला राज्य सरकारने पुस्तकांचं गाव केलं. गावकऱ्यांच्या ओसरीवर, पडवीत मराठी पुस्तकांची कपाटं आली. पाहुणा तिथे बसून वाचतो आणि त्याच घरात जेवतो. इथे मुंबईकर येतो तो शेतकऱ्याच्या दारात, त्याच्या अटींवर. या पट्ट्यात पर्यटनाचं याहून चांगलं रूप मी पाहिलेलं नाही.

आता सरकारने ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं आहे. सुरुवातीला सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या 235 गावांचा असलेला हा आराखडा रस्ते विकास महामंडळाकडे सोपवला. यांतली कित्येक गावं कोयनेच्या फुगवट्याभोवतीची, म्हणजे एकदा जमीन देऊन बसलेली. या वेळी आराखड्यावर पहिला शब्द त्यांच्या ग्रामसभांचा असायला हवा. शिल्लक पुनर्वसनाचा निकाल पहिल्या हॉटेलच्या परवानगीआधी लागावा, आणि भिलारमध्ये घरमालकाच्या हाती राहिलेला व्यवसाय इथेही गावकऱ्याच्याच हाती राहील अशी तरतूद आराखड्यात लिहून ठेवावी. जमिनीचे सौदे आधीच सुरू होतात, म्हणून हे काम उद्यावर टाकता येणार नाही.