मसुऱ्याची थंडी येते कुठून?

पौषातल्या पहाटे मसुऱ्याच्या मळ्यात शेकोटीचा धूर वर जात नाही. माडाच्या निम्म्यापर्यंत उठतो आणि गड नदीच्या अंगाने आडवा पसरत जातो. भरतगडाची वाट थोडी चढलो की धूर पायाखाली राहतो आणि अंगावरचे कांबळे जड वाटू लागते. लहानपणी मला याचे नवल वाटे. डोंगरावर थंडी जास्त, असे तर शाळेत शिकवले होते.

कोल्हापूर इथून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. तिथली गार हवा पूर्वेच्या वाऱ्याबरोबर निघते, पण तशीच इथे पोचत नाही. सहाशे मीटरच्या घरातला घाटमाथा ओलांडून ती खाली येताना दाबली जाते आणि दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने तापते. सह्याद्री थंडी अडवतो म्हणतात ते निम्मेच खरे. जी निसटते तिला तो उतारावर ऊनही करतो. पश्चिमेला अरबी समुद्र, जानेवारीतही २७ अंशांच्या आसपास. दुपारी त्याच्यावरून खारे वारे येतात म्हणून ऊन सोसते. मतलई वाऱ्याचा जोर असला की खारा वारा उशिरा पोचतो, आणि मग माघातच पारा ३५च्या वर जातो. आंगणेवाडीच्या जत्रेत रांगेत उभे राहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको!

मग मळ्यातली थंडी कुठली? ती घरचीच. निरभ्र, निवांत रात्री जमीन दिवसाची ऊब आकाशाला देऊन टाकते. तिच्या लगतची हवा गार होते, जड होते आणि पावसाच्या पाण्यासारखी उतारांवरून ओघळून मळ्यात साचते. वर ऊबदार हवेचे झाकण राहते. धूर अडतो तो त्यालाच. म्हणून किनाऱ्यावरच्या तळाशीलपेक्षा आमची पहाट गार आणि दुपार तापट.

हा दोन-चार अंशांचा फरक हापूसला नेमका कळतो. मोहोर फुटायला गार रात्री लागतातच. पण कणी धरल्यावर पुन्हा कडाका आला तर झाड त्याच फांदीवर नवा मोहोर काढते, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची कणी गळते. याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीचे कृषी विद्यापीठ त्यावर जिब्रेलिक आम्लाची फवारणी सुचवते. ढगाळ, दमट दिवस आले तर तुडतुडे आणि भुरी, हा आणखी निराळा जाच.

आमची काही कलमे सड्यावर, काही मळ्याच्या कडेला. एकाच जातीची, एकाच वर्षी लावलेली. एका माघात खालच्या कलमांनी दुसऱ्यांदा मोहोर काढला आणि वाटाण्याएवढी कणी सगळी जमिनीवर. बाबा ती पायाने सारत एवढेच म्हणाले, "सड्यारचा टिकला, मळ्यातला गेला." तेव्हा मला तो नशिबाचा हिशेब वाटला होता. आता नवे कलम लावायचे झाले की मी आधी पौषातल्या पहाटे धूर कुठवर चढतो ते बघून येतो, आणि खड्डा त्याच्या वर खणतो.